फ्योर्ड-प्रदेश, पश्चिम नॉर्वे : मोटार व फेरी मार्ग

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्योर्डांतून (जमिनीत खोलवर शिरलेल्या, कड्यांनी वेढलेल्या अरुंद समुद्रभागांतून) मुख्यतः उन्हाळ्यात केला जाणारा मोटारप्रवास. येथे रस्ता धक्क्यावर येऊन थांबतो, मोटार फेरीबोटीवर चढते आणि पलीकडच्या तीरावर त्याच क्रमांकाचा रस्ता पुढे सुरू होतो. फेरीमार्ग हा रस्त्याचाच भाग मानला जातो. क्रिस्तियानसान ते त्रोन्हेम हा सुमारे १,१०० किमी. लांबीचा ई-३९ महामार्ग अशाच अनेक फेऱ्यांनी जोडलेला आहे. याचे कारण फ्योर्डांच्या खोलीत आहे.

उत्पत्ती : हिमनदीने कोरलेली व नंतर समुद्राने व्यापलेली दरी म्हणजे फ्योर्ड. कोकणातील खाड्या बुडालेल्या नदीखोऱ्यांच्या आहेत; त्यांचा तळ साधारणतः समुद्राकडे उतरत जातो. फ्योर्डाचा तळ आतल्या भागात अतिशय खोल असून मुखाशी वर चढतो. सुमारे २०५ किमी. लांबीच्या सोग्नेफ्योर्डची कमाल खोली १,३०८ मी. आहे, तर मुखाजवळच्या उंबरठ्यावर पाणी २०० मी. देखील खोल नाही. असा उलटा उतार नदी कोरू शकत नाही.

हिमनदीचे कर्तृत्व प्रथम कोणी ओळखले याविषयी मतभेद आहेत. तथापि येन्स एस्मार्क या भूवैज्ञानिकाचा १८२४ मधील लेख त्यांत अग्रस्थानी ठेवणे योग्य ठरेल. नैर्ऋत्य नॉर्वेत, जवळजवळ समुद्रसपाटीला, हाउकालीवात्न सरोवरापाशी दगडगोट्यांचा एक लांब बांध आहे. तो हिमनदीने आणून टाकलेला हिमोढ आहे हे एस्मार्कने ओळखले आणि पूर्वी बर्फ थेट समुद्रापर्यंत उतरत होता, असा निष्कर्ष काढला. याउलट भूवैज्ञानिक जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी १९१३ मध्ये फ्योर्डांचे मूळ भूकवचाच्या भेगांत शोधले. फ्योर्डांची काटकोनी वळणे पाहता हे मत निराधार म्हणता येत नाही. आज सामान्यतः असे मानतात की, खडकातील कमकुवत रेषांनी व जुन्या नदीखोऱ्यांनी दिशा ठरवली आणि बर्फाने खोली दिली. हे काम चतुर्थक कल्पात, म्हणजे गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत, अनेक हिमयुगांमध्ये झाले असावे; प्रत्येकाचा वाटा निश्चित करणे कठीण आहे. शेवटचा बर्फ बहुतांशी दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी मागे हटला. उंबरठ्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात : कड्यांच्या कैचीतून सुटलेला बर्फ पसरून पातळ झाला, किंवा समुद्रात शिरताच तरंगू लागून त्याची झीज करण्याची शक्ती संपली. पहिले अधिक समाधानकारक वाटते.

फेरी : सोग्नेफ्योर्डवरील लाविक–ओपेडाल येथे पाणी सुमारे १,२५० मी. खोल असल्याने पुलाचे खांब रोवणे अशक्यप्राय आहे. तरंगत्या पुलांच्या व पाण्यात बुडवलेल्या बोगद्यांच्या योजना अभ्यासल्या गेल्या. मात्र वाहतूक आजही बोटीने चालते. याच मार्गावर २०१५ मध्ये ‘आम्पेरे’ ही बॅटरीवर चालणारी जगातील पहिली मोठी मोटारफेरी सुरू झाली. तिच्यात सुमारे १२० मोटारी मावतात व पार होण्यास वीसएक मिनिटे लागतात. स्थानिक वीजजाळे दुबळे असल्याने दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसवल्या आहेत : बोट नसताना त्या सावकाश भरतात आणि बोट लागताच थोड्या मिनिटांत तिला वीज देतात. ही योजना अतिशय कल्पक आहे.

मोटारी धक्क्यावर आखलेल्या रांगांत उभ्या राहतात, एका टोकाने चढतात व दुसऱ्या टोकाने उतरतात. बोटीला वळावे लागत नाही. भाड्याची नोंद बहुधा कॅमेरा गाडीच्या क्रमांकावरून करतो. म्यूरे भागातील फेऱ्यांवर ‘स्वेले’ हा जाडसर, मऊ, दुमडलेला गोड घावन लोणी-साखर किंवा तपकिरी चीज लावून मिळतो; तो तेथील प्रवासाचा अविभाज्य भाग झाला आहे.

घाटरस्ते : ६३ क्रमांकाच्या रस्त्यावरील त्रोलस्तिगेन घाटाचे उद्घाटन राजे होकोन सातवे यांनी १९३६ मध्ये केले. त्यात अकरा तीव्र वळणे आहेत. हिवाळ्यात तो बर्फामुळे बंद असतो. पुढे लिंगे–आयड्सडाल फेरी ओलांडून १९५५ चा ‘गरुडमार्ग’ गायरांगरला उतरतो. तेथून हेलेसिल्टपर्यंतची फेरी मुख्यतः पर्यटकांसाठी असून तीवरून लोंबत्या दऱ्यांतून (मुख्य दरीच्या तळापेक्षा बऱ्याच उंचीवर उघडणाऱ्या उपदऱ्यांतून) कोसळणारे ‘सात बहिणी’ हे धबधबे दिसतात. हे कडे स्थिर नाहीत. १९३४ मध्ये जवळच्या ताफ्योर्डमध्ये दरड कोसळून उठलेल्या लाटेत ४० माणसे दगावली. ओकेरनेसेट येथील सरकत्या डोंगरावर आज उपकरणांनी सतत लक्ष ठेवले जाते.

गायरांगरफ्योर्ड व नेरॉयफ्योर्ड यांना २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या वारसा-फ्योर्डांत १०,००० टनभारापेक्षा लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून शून्य उत्सर्जनाची अट लागू करण्यात आली असून मोठ्या जहाजांसाठी २०३२ पर्यंतची मुदत आहे.