नगावर मजुरी आणि रेक्झिनचा कचरा

पारंपरिक फुटबॉलचं कवच 32 तुकड्यांचं असतं: 20 षटकोन, 12 पंचकोन. षटकोन एकमेकांना घट्ट लागून बसतात, त्यामुळे ते कापताना रेक्झिन फारसं वाया जात नाही. नियमित पंचकोन मात्र कसेही मांडा, मध्ये फटी उरतातच. गणितानुसार जास्तीत जास्त 92 टक्के जागा भरते. बाकीचं कचऱ्यात जातं.

पाकिस्तानातलं सियालकोट हे फुटबॉल बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कारखान्यांचं गाव. तिथे काही अर्थशास्त्रज्ञांनी पंचकोन दाटीने बसवणारा नवा डाय (कापायचा साचा) बनवला आणि 35 कारखान्यांना फुकट दिला. जुन्या डायने एका तावातून सुमारे 250 पंचकोन निघत, नव्याने 272 पर्यंत. माल वाचतो, पैसा वाचतो, मग अडचण कुठे? तरीही पंधरा महिन्यांनी तो वापरणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

कारण कापणाऱ्या कामगाराला मजुरी नगावर मिळत होती. वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मालकाच्या खिशात जाणार होता; हात बसेपर्यंत मंदावलेल्या कामाची झळ मात्र कामगाराला बसणार होती. ‘हा डाय काही कामाचा नाही,’ असं मालकाला सांगणंच त्याच्या सोयीचं होतं. मग संशोधकांनी काही कारखान्यांत मालकासमोर नवा डाय चालवून दाखवणाऱ्या कामगाराला साधारण महिन्याच्या कमाईइतकी रक्कम देऊ केली. तिथे डायचा वापर स्पष्टपणे वाढला. 2017 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ‘उद्योजकांना पर्यावरणाची जाणीव नाही’ हे पालुपद आपण फार सहज लावतो.

पैशाचं गणितही सरळ नसतं. अमेरिकेत विद्यापीठांमार्फत लहान-मध्यम कारखान्यांची मोफत ऊर्जा तपासणी होत आली आहे. 2004 सालच्या एका अभ्यासात दिसलं की सुचवलेल्या उपायांपैकी सुमारे निम्मेच अमलात आले, आणि दरवर्षीच्या बचतीपेक्षा सुरुवातीच्या खर्चाचा विचार मालकांनी जास्त केला. कायद्याचा बडगा आणि मोठ्या ग्राहकांच्या अटी यांचा जोर असतोच, पण त्याही शेवटी कारखान्यातल्या माणसांकरवीच पाळल्या जातात.

फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, लोखंड वितळवणारी कुपोला भट्टी घ्या. तिच्यातला कोक (दगडी कोळशापासून बनवलेलं इंधन) जळून कार्बन डायऑक्साइड होतो, पण वर चढताना तापलेल्या कोकशी संयोग होऊन त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. तो तसाच धुराड्यातून गेला, तर त्यातल्या कार्बनची सुमारे 70 टक्के उष्णता वाया जाते. हवेच्या झोतांची दुसरी रांग थोडी वर दिली की हा वायू भट्टीतच जळतो. 1990च्या दशकात टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने हावड्याच्या फाउंड्रीत अशी भट्टी उभारून दाखवली. कोक वाचतोच, शिवाय धातू जास्त तापतो आणि थंड रसामुळे होणारं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे ओतीव भाग (कास्टिंग), घटतं. कोकचं बिल मालक भरतो. कास्टिंग नापास झालं की बोलणी भट्टीवरच्या कामगाराला खावी लागतात. त्यामुळे कोल्हापूर असो वा हावडा, अशी भट्टी दाखवायला जाणाऱ्याने कोकच्या बचतीआधी रिजेक्शनचं बोलावं, आणि तेही भट्टीपाशी उभं राहून.