सर, ऑफसेट चुकलाय

रबाळे एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी सेटरचा (मशिन जुळवून देणाऱ्याचा) सुपरवायझर झालो. पहिले दोन महिने रिजेक्शनच्या (बाद मालाच्या) वहीत जवळजवळ काहीच नव्हतं आणि मी खूश होतो. मग एका रात्रपाळीत सहज मायक्रोमीटर लावला, तर ट्रेमधल्या चाळीस पिना ३० मायक्रॉनने जाड. इन्सर्ट (धातू कापणारी टिकली) बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची मशिनला दिलेली दुरुस्ती, चुकीचा टाकला गेला होता. ऑपरेटर पोराला ते दहाव्या पिनेलाच कळलं होतं. "मग बोलला का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "सर, तुम्ही चिडता."

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला १९९०च्या दशकात रुग्णालयांत हेच दिसलं. चांगल्या टीमकडून औषधं देताना कमी चुका होतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत असतील असं नाही, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. पुढे एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून १९९९ साली तिने या मोकळेपणाला 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं.

यामागचं गणित साधं आहे. चूक सांगितली की बोलणी आत्ताच, नक्की आणि मला एकट्याला. फायदा मात्र नंतर, कदाचित आणि सगळ्यांना. माणूस गप्प बसतो. म्हणून नव्या सुपरवायझरच्या चेहऱ्यावरचे पहिले दोन सेकंद फार मोलाचे.

बढती मात्र हे बघून मिळत नाही. १३१ कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांवरच्या २०१९च्या अभ्यासात, सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने घसरलेली दिसली. हातातलं कौशल्य वेगळं, दुसऱ्याचा हात चालवून घेणं वेगळं. ते शिकता येतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. आत्मविश्वासाचा सगळ्यात भक्कम स्रोत म्हणजे स्वतः करून जमलेलं काम, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. म्हणून सुरुवात छोट्या, जमेल अशा गोष्टीने करावी.

माझी छोटी गोष्ट एवढीच होती: शिफ्ट सुरू होताना आधी स्वतःची कालची चूक सांगायची, मग विचारायचं, "कोण कुठे अडलं?" तीन दिवस कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी तोच पोरगा कूलंटने ओली पिन हातात घेऊन आला. "सर, ऑफसेट चुकलाय. पाच पीस गेले." मशिन थांबवलं, दोघांनी मिळून ऑफसेट सुधारला. त्या महिन्यात रिजेक्शनची वही भरत गेली. वरून विचारणा झाली, तेव्हा मी ती वही उघडूनच साहेबांसमोर ठेवली.