बिबट खरंच रक्त पितो का?

“बिबट बकरीचं फक्त रक्त पितो आणि मजेखातर अख्खा कळप मारतो” हा मेसेज नागपुरात वर्षानुवर्षं फिरतोय. सोबतचा फोटो कधी कधी थेट लडाख-स्पितीतल्या हिमबिबट्याचा असतो.

दोघंही रक्त पीत नाहीत. ते गळा धरून श्वास कोंडतात. सुळ्यांची भोकं बारीक असतात, त्यामुळे बाहेर रक्त फारसं सांडत नाही, आतच साकळतं. शवविच्छेदनात गळ्याची कातडी सोलली की खाली काळंनिळं गोठलेलं रक्त दिसतं. डॉक्टरांना दाखवायला सांगा. (पंचनाम्याआधी मात्र जनावर हलवू नका, भरपाई अडते.)

कळप मरतो हे खरं, पण कारण वेगळं. उघड्या कुरणात एक जनावर पडलं की बाकीची पांगतात. बंद कोठ्यात पळायला जागाच नसते. बकऱ्यांची धावपळ चालू राहते, तोवर शिकाऱ्याचा झपाटाही. स्पिती-लडाखच्या मेंढपाळांनी वाड्यावर जाळी टाकली, दार मजबूत केलं, तिथे असे हल्ले बरेच कमी झाले. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या कोठ्यालाही तेच लागतं. आधी छत आणि भिंतीमधली फट बघा. बिबट बहुतेकदा तिथूनच उतरतो.