खोट्या गोळीनेही लघवीची घाई कमी होते, मग खरी गोळी कशाला?

परवा एका मावशींनी मला अगदी सरळ विचारलं. "अगं, डॉक्टरांनी लघवीच्या घाईसाठी गोळी लिहून दिलीय, पण माझा भाचा म्हणतो की ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, ज्यांना औषध नसलेली खोटी गोळी दिली त्यांनाही बरं वाटलं, मग ही फसवणूकच झाली ना?" प्रश्न एकदम बरोबर आहे आणि भाच्याने वाचलं तेही खरं आहे, फक्त त्यातून त्याने जो अर्थ काढला तो चुकला. तो का चुकला हे सांगताना मेंदू आणि मूत्राशय यांच्यातली एक अशी गोष्ट येते जी मला शरीरातल्या सगळ्यात सुंदर रचनांपैकी एक वाटते, म्हणून हा लेख.

आधी आजार काय ते पटकन. ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणजे अचानक अशी लघवी लागणं की थांबवणं कठीण जातं, त्यासोबत बहुतेकदा दिवसातून खूपदा जाणं आणि रात्री उठावं लागणं, आणि काहींना बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होणं. इन्फेक्शन, खडा वगैरे दुसरं कारण सापडत नसेल तरच हे नाव द्यायचं. अनेकांना वाटतं की लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, लहान झाली किंवा सैल पडली. तसं नसतं. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं आणि या रुग्णांतही बहुतेकदा जागा असते, पण "भरली, भरली" ही हाक खूप लवकर आणि खूप जोरात येते. दुसरा गैरसमज म्हणजे हा फक्त बायकांचा त्रास. कॅनडा, जर्मनी, इटली, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांतला एक मोठा सर्व्हे २००६ साली आला, त्यात प्रौढांमध्ये शंभरात जवळपास १२ जणांना हा त्रास निघाला आणि बायका-पुरुषांतला फरक अगदी थोडा होता.

आता भाच्याचा आकडा. मिराबेग्रॉन नावाची गोळी आहे, ती पिशवीच्या स्नायूतल्या बीटा-३ रिसेप्टरला (निरोप पकडणाऱ्या एका प्रोटीनला) चालना देऊन भरताना स्नायू सैल ठेवते. युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये कपडे ओले होण्याचा त्रास असलेल्यांना सुरुवातीला दिवसातून सरासरी पावणेतीन वेळा तसं होत होतं. १२ आठवड्यांनी गोळीवाल्यांमध्ये हा आकडा दिवसाला १.५७ ने उतरला आणि खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये १.१७ ने. म्हणजे फरक फक्त ०.४. कागदावर क्षुल्लक दिसतो, पण आठवड्याचा हिशोब केला तर जवळपास तीन वेळा कपडे कमी ओले होतात, आणि ज्याला हे रोज सोसावं लागतं त्याला ते तीन प्रसंग किती मोठे वाटतात ते विचारा.

पण मला खरा रस आहे तो त्या १.१७ मध्ये. काहीच औषध नसलेल्या गोळीने एवढं कसं उतरलं?

काही भाग निव्वळ गणिताचा. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो, आणि ट्रायलमध्ये घेतानाही दिवसातून आठ वेळा तरी जाणारेच घेतात, मग पुढच्या मोजणीत तो आकडा आपोआप थोडा खाली येतोच. काही भाग आशेचा. पण एक भाग असा आहे ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, तो म्हणजे डायरी. या ट्रायलमध्ये प्रत्येकाला, खऱ्या गोळीवाल्याला आणि खोट्या गोळीवाल्यालाही, तीन-तीन दिवस लिहून काढावं लागतं की किती वाजता गेलो, किती घाई होती, गळती झाली का, आणि बरेचदा किती मिली झाली हेसुद्धा. लिहायला लागलं की माणसाला पहिल्यांदा कळतं की आपण लागली म्हणून जात नव्हतो, उगाच खबरदारी म्हणून जात होतो, किंवा कॉफी-चहानंतर तासाभरात आपली धावपळ होते. आणि ते कळलं की वागणं बदलतं. ज्या अवयवाचं काम मेंदूच्या परवानगीने चालतं त्याच्या बाबतीत वागणं बदलणं हा उपचारच असतो.

ही परवानगी कशी चालते ते बघा. मूत्राशय भरत असताना त्याच्या भिंतीतल्या नसा ताणाची खबर पाठीच्या कण्यातून वर पाठवतात, ती मेंदूच्या मध्यभागी एका करड्या पट्ट्यात पोचते आणि तिथून खाली मेंदूच्या खोडात, पॉन्स नावाच्या भागात असलेल्या एका चिमुकल्या केंद्राकडे जाऊ शकते. हे केंद्र म्हणजे स्विच. १९२५ साली फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने मांजरांवर काम करून दाखवलं की मेंदूच्या खोडातला एवढासा भाग निकामी केला तर मूत्राशय नीट रिकामं होतच नाही, म्हणून त्याला आजही बॅरिंग्टनचं केंद्र म्हणतात. स्विच बंद असताना दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, पिशवीचा स्नायू सैल आणि तोंडाचा झडपेसारखा स्नायू आवळलेला. स्विच पडला की आधी झडप सुटते आणि लगेच पिशवी आकुंचन पावते, क्रम उलटा झाला तर दार बंद असताना आत दाब वाढेल, म्हणून हा क्रम इतका काटेकोर आहे.

हा स्विच अधेमधे राहत नाही, एकतर साठवण किंवा रिकामं करणं. आणि त्यावर वरून हात ठेवलेला असतो तो कपाळामागच्या मेंदूने, जो सतत "आत्ता नको, आत्ता नको" सांगत असतो. तान्ह्या बाळात हा हात अजून तयार झालेला नसतो म्हणून भरलं की रिकामं. १९९७ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १७ पुरुषांना पेट स्कॅनरमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं यंत्र) झोपवून लघवी करायला सांगितलं. १० जणांना जमलं आणि त्यांच्या पॉन्समध्ये बरोबर तिथेच हालचाल दिसली जिथे मांजरात बॅरिंग्टनला ते केंद्र सापडलं होतं. उरलेल्या सात जणांची इच्छा होती, पिशवी भरलेली होती, पण अनोळखी जागेत माणसं बघत असताना काही केल्या होईना, आणि त्यांच्या पॉन्समध्ये थोडा पुढचा वेगळाच भाग पेटलेला दिसला, जो झडप आवळून धरण्याशी जोडला जातो. म्हणजे लाज आणि अवघडलेपण या मनाच्या गोष्टी थेट त्या स्विचपर्यंत पोचतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर होते.

आणि आता उलट बाजूने विचार करा. वरून रोखणारा हात मनाने घट्ट होऊ शकतो तर सवयीने सैलही होऊ शकतो. घराच्या दारात किल्ली घातली की अचानक न थांबणारी लघवी लागते, किंवा नळाचा आवाज ऐकला की, हा अनुभव इतक्या जणांचा आहे कारण त्या खुणेशी रिकामं होणं जोडलं गेलंय आणि स्विच आधीच सरकायला लागतो. शिवाय झडपेभोवतीचे ओटीपोटाखालचे स्नायू आपण मुद्दाम आवळले तर त्याची खबर मज्जारज्जूत जाऊन पिशवीचं आकुंचन दाबलं जातं, हा रिफ्लेक्स आपल्यात जन्मतःच आहे.

याच गोष्टीवर एक ट्रायल उभी राहिली जी मला या क्षेत्रातली सगळ्यात आवडती वाटते. १९९८ साली छापून आली, अमेरिकेतल्या ५५ ते ९२ वयाच्या १९७ बायका. एका गटाला ऑक्सिब्युटिनिन हे औषध, एका गटाला खोटी गोळी, आणि तिसऱ्या गटाला आठ आठवड्यांत चार भेटींमध्ये फक्त शिकवणं: घाई झाली की धावायचं नाही, थांबायचं, जमलं तर बसायचं, खालचे स्नायू पटापट काही वेळा आवळायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग सावकाश चालत जायचं. धावल्याने पोटावर दाब येतो आणि घाई अजून वाढते, हे ऐकल्यावर सोपं वाटतं पण तोपर्यंत सगळ्या जणी धावतच होत्या. निकाल असा: शिकवलेल्या गटात गळतीचे प्रसंग ८०.७ टक्क्यांनी कमी, औषधाने ६८.५ टक्के, खोट्या गोळीने ३९.४ टक्के. म्हणजे गोळीला शिकवणीने मागे टाकलं, आणि ते ३९.४ सुद्धा फुकटचे नव्हते, कारण त्या बायकाही डायरी लिहीत होत्या आणि कुणीतरी त्यांची नीट चौकशी करत होतं.

मग खोटा गट ठेवायचाच कशाला? कारण तो नसेल तर कुठलंही औषध यशस्वी दिसेल. घोट्याजवळच्या टिबियल नसेला बारीक सुईतून वीज देण्याचा उपचार आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास, १२ आठवडे. ही नस आणि मूत्राशयाच्या नसा मज्जारज्जूत खाली एकाच भागात येऊन मिळतात म्हणून ते काम करत असावं. आता सुई टोचण्याची खोटी गोळी कशी बनवणार? संशोधकांनी बोथट सुई घेतली जी टोचल्यासारखी वाटते पण आत जात नाही, आणि पायावर वेगळे पॅड लावून हलकी झिणझिणी दिली, म्हणजे रुग्णाला कळूच नये. २२० जणांच्या त्या ट्रायलमध्ये, जी २०१० साली आली, खऱ्या उपचाराने ५४.५ टक्क्यांना चांगला फरक वाटला आणि खोट्याने २०.९ टक्क्यांना. इतकी काळजी घेऊन फरक उरला म्हणून त्या उपचारावर विश्वास ठेवायचा.

म्हणूनच "महिन्याभरात कायमची सुटका" म्हणणारी चूर्णं, चुंबकाचे पट्टे आणि त्याखालचे आधी-नंतरचे अनुभव वाचून मला खरंच राग येतो. त्या माणसाला बरं वाटलं असेल, तो खोटं बोलत नसेल, पण पावणेतीनपैकी १.१७ तर खोट्या गोळीनेही जातात हे आपण आत्ताच पाहिलं. तुलनेला गट नाही तर दावा नाही, इतकं सोपं आहे. तसंच पाणी पिणं जवळजवळ बंद करण्याचा सल्ला. फार पीत असाल तर थोडं कमी करणं ठीक, पण तहान मारली तर लघवी दाट होऊन पिशवीला उलट जास्त टोचते आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

बाकीचे उपचार थोडक्यात. ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाला अडवतात, जे नसांकडून पिशवीला आकुंचनाचा निरोप देतं पण शरीरात इतरत्रही काम करतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, आणि वृद्धांमध्ये जास्त वर्षं घेतल्यास स्मृतिभ्रंशाशी संबंध काही मोठ्या पाहण्यांत दिसलाय, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही पण वयस्कर माणसाने डॉक्टरांशी बोलावं इतकं नक्की. गोळ्यांनी जमलं नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत २० ठिकाणी मिळून बोटॉक्सचे १०० युनिट देतात. तेच ॲसिटिलकोलीन सोडणारं एक प्रोटीन ते कापून टाकतं, परिणाम साधारण सहा महिने राहतो, पण शंभरातल्या पाच-सहा जणांना काही काळ लघवी तुंबून नळी वापरावी लागते. लघवीत रक्त, जळजळ, ताप असं काही असेल तर यातलं काहीच करत बसू नका, आधी तपासून घ्या.

मावशींना मी म्हटलं, गोळी घ्या, आणि तीन दिवस डायरीही लिहा. त्यावर त्यांनी विचारलं, "पण भरली हे पिशवीला कळतं तरी कसं?" याचं उत्तर अगदी अलीकडचं आहे. ताण आला की उघडणारं पिएझो-२ नावाचं प्रोटीन पिशवीच्या आतल्या अस्तरात आणि नसांत असतं, पिएझो प्रोटीनं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. २०२० साली अशा काही माणसांचा अभ्यास आला ज्यांच्यात जन्मतः पिएझो-२ काम करत नाही. त्यातल्या काहींना अख्खा दिवस लघवी लागल्याचं जाणवतच नाही, ते घड्याळ बघून जातात. हे ऐकून मावशी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला उलट झालंय, घड्याळ बघून थांबायला शिकायचंय."