पद्मिनीखालचा पुठ्ठा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी जागा कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिथे फरशीवर काळा डाग, ती माझी. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली. माझी अजून चालते, आणि अजून गळते.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. त्याखाली थेंब लोंबतोय म्हणजे चेंबरचंच पॅकिंग (सांध्यातली पट्टी) गेलं, असं नसतं. ऑइल वर कुठेतरी सुटतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, पंख्याचा वारा त्याला मागे रेटतो आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून ते टपकतं. त्यामुळे शोध वरून सुरू करायचा. गार इंजिन डिग्रीझरने स्वच्छ केलं, पूर्ण वाळू दिलं आणि सांध्यांवर चक्क टाल्कम पावडर भुरभुरली. दहा मिनिटं इंजिन चालवल्यावर पांढऱ्या पावडरीत एक तपकिरी रेघ उमटली. टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचा, मागचा कोपरा.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. पान्हा घेतला आणि नट आवळले. आठवड्याभरात गळती वाढली.

याचं कारण कव्हरखालच्या बुचाच्या पॅकिंगमध्ये आहे. बूच म्हणजे एका ओक वृक्षाची साल. १६६५ साली रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली तिचा काप पाहिला, त्यात त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी खणं दिसली आणि त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. आपल्या पेशीचं इंग्रजी नाव तिथून आलं. या खणांत हवा असते. रबर दाबलं की बाजूंनी फुगतं. बूच मात्र जागच्या जागी दबतं आणि दाब काढला की बरंचसं परत उसळतं. कव्हरचा पत्रा आणि ते ज्यावर बसतं ते इंजिनाचं हेड यांच्यातले बारीक उंचसखल भाग ते या उसळीवरच भरून काढतं. पण वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते वाळतं, आकसतं, कडक होतं. उसळीच गेली की नट कितीही आवळा, उपयोग नाही. उलट टॅपेट कव्हर पडलं पातळ पत्र्याचं. जास्त आवळलं की नटाजवळ पत्रा खाली दबतो आणि दोन नटांच्या मधे कमानीसारखा उचलला जातो.

आणि फट हे प्रकरण फार कडक हिशेबाचं आहे. अरुंद फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. त्यात २०डब्ल्यू-५० ऑइल १०० अंश सेल्सियसला ४० अंशांच्या मानाने साधारण आठ-नऊ पटींनी पातळ होतं. लांबचा पल्ला मारून आलं की डाग मोठा का दिसतो, ते यावरून कळेल.

कव्हर काढून काचेवर पालथं ठेवलं तर नटांच्या भोकांभोवती खळगे स्पष्ट दिसले. लाकडी ठोकळ्यावर ठेवून ते हलक्या हातोडीने ठोकून सपाट केले. जुनं बूच खरवडायला स्क्रूड्रायव्हर घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ओरखडा म्हणजे नवी फट. मी बांबूची चिपटी वापरली. सिलिकॉन पेस्टचा थर द्यायचा मोह झालाच, पण जास्तीची पेस्ट आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. नवं बूच कोरडंच बसवलं. नट आलटून पालटून, थोडेथोडे आवळले आणि बूच दबू लागताच थांबलो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा अलगद तपासले, कारण नवं बूच थोडं बसतं.

एक गोष्ट मात्र आधीच करायला हवी होती. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. माझी नळी काळ्या गाळाने अर्धी बुजली होती. आत कोंडलेला वायू वाट शोधतो आणि ऑइलला सगळ्यात दुबळ्या सांध्यातून ढकलतो. नळी साफ केल्यावर इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडाशी कागद धरला. पूर्वी तो उडायचा, आता नुसता थरथरला.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला. टॅपेट कव्हरच्या बाजूला सकाळी काही नव्हतं. बरंच मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली, एक थेंब होता. तो बहुधा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि पार्किंगमध्ये ते जमणारं नाही. तूर्तास दर रविवारी पुठ्ठा बदलतो.