कापाब्लांकाचे अंत्यपर्व

होजे राउल कापाब्लांका (१८८८–१९४२) या क्यूबाच्या जगज्जेत्याची बुद्धिबळाच्या डावाचा शेवटचा टप्पा, म्हणजे एंडगेम, खेळण्याची पद्धत. मोहरी कमी झाली की राजा लपवायचा नाही, लढायला बाहेर काढायचा, हा तिचा गाभा. १९२१ साली हवानात त्याने लास्करकडून जगज्जेतेपद घेतले ते १४ डावांत एकही न हरता. चार जिंकले, दहा बरोबरीत सोडवले.

खानदेशात ओट्यावर किंवा निंबाच्या सावलीत मांडलेल्या पटावर मात्र शिकवण उलटी मिळते. ‘राजाले घरमा ठेव,’ असे अहिराणीतून बजावले जाते आणि दोन्ही वजीर गेले की पट आवरायची घाई होते. डावाचा सर्वांत सुंदर भाग असा न खेळताच राहतो, याची हळहळ वाटते. जळगाव-धुळ्याच्या मुलांनी निदान एक डाव हाताने मांडून पाहावा: न्यूयॉर्क, १९२४, कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर.

३४ चाली झाल्यावर दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी उरतात. कापाब्लांकाचा पांढरा हत्ती एच७ वर (घराच्या नावात आधी उभ्या पट्टीचे अक्षर, ए ते एच, मग पांढऱ्याकडून मोजलेल्या रांगेचा आकडा) बसून काळ्या राजाला शेवटच्या रांगेत कोंडतो. काळा हत्ती सी३ च्या प्याद्यावर टपलेला आहे. कोणीही ते आधी वाचवले असते. कापाब्लांका राजा जी३ वर नेतो. काळा शह देऊन प्यादे मारतो, राजा एच४ वर जातो. जी-पट्टीतले प्यादे जी६ वर सरकते. एफ४ चे प्यादेही शहासकट जाते, राजा जी५ वर येतो. आता शेजारचे एफ५ चे काळे प्यादे फुकट मिळत असते. तेही तो मारत नाही. राजा थेट एफ६ वर नेतो. शत्रूचेच प्यादे आडोशाला घेतल्याने उभ्या पट्टीतून शह बसत नाही आणि एच८ वर हत्तीने मात होण्याची धमकी उभी राहते. दोन प्यादी कमी असलेला पांढरा इथे जिंकतो आहे. काळ्याचा हत्ती बचावाला जुंपला जातो आणि त्याची प्यादी एकामागून एक पडतात.

१९२१ मध्येच आलेल्या कापाब्लांकाच्या पुस्तकाची सुरुवातही राजाला मात करण्याच्या साध्या पद्धतींपासून होते. सलामीच्या चाली नंतर येतात. शिकवण्याचा हाच क्रम योग्य आहे. मुलाला आधी रिकाम्या पटावर एक राजा आणि एक हत्ती द्यावा, समोर एकटा राजा ठेवावा आणि मात करायला सांगावे. आपला राजा पुढे आणल्याशिवाय ती होतच नाही, हे त्याला तिथेच कळते.