मूक अक्षरे (इंग्रजी)

इंग्रजी शब्दाच्या लेखनात असणारी, पण उच्चारात न येणारी अक्षरे. शाळेत ‘सायलेंट लेटर’ हाच शब्द रुळला आहे. ‘नी’ (गुडघा), ‘नॉट’ (गाठ), ‘नॉब’ (मूठ, गोल कडी), ‘नकल’ (बोटाचा सांधा), ‘नील’ (गुडघे टेकणे), ‘नीड’ (पीठ मळणे), ‘नॅक’ (हातोटी), ‘नेव्ह’ (लुच्चा) हे सर्व शब्द ‘के-एन’ या जोडीने सुरू होतात आणि त्यांतला ‘के’ बोलला जात नाही. ‘डब्ल्यू-आर’, ‘जी-एन’, ‘एम-बी’ आणि ‘जी-एच’ हे असेच आणखी गट.

पाठ्यपुस्तकांतून हे सगळे शब्द एकाच यादीत दिले जातात. ते सोयीचे असले तरी शास्त्रीय नाही. काही अक्षरे एकेकाळी उच्चारली जात आणि पुढे मुकी झाली. काही मात्र पंडितांनी मागाहून घुसवली, त्यांना आवाज कधीच नव्हता.

‘के-एन’ गट पहिल्या प्रकारचा. प्राचीन इंग्रजीत ही जोडी ‘सी-एन’ अशी लिहीत आणि दोन्ही व्यंजने उच्चारीत. नॉर्मन विजयानंतर (१०६६) लेखनिकांच्या सवयी बदलल्या आणि ‘सी’च्या जागी ‘के’ आला. जर्मन भाषेत ‘क्नी’ (गुडघा), ‘क्नोटन’ (गाठ), ‘क्नेटन’ (मळणे) हे उच्चार आजही पूर्ण आहेत. जर्मन ‘क्नेख्ट’ म्हणजे नोकर आणि इंग्रजी ‘नाइट’ म्हणजे सरदार हे मुळात एकच. इंग्रजीतला ‘के’ नेमका केव्हा गेला याबद्दल एकमत नाही. दक्षिण इंग्लंडच्या शिष्ट बोलीत तो सतराव्या शतकात ढळू लागला आणि साधारण १७००च्या सुमारास नाहीसा झाला, असे सामान्यतः मानतात. स्कॉटलंडच्या काही बोलींत तो त्यानंतरही बराच काळ टिकला. तो कसा गेला, हा वेगळा वाद. एका मते ‘क’ सरळ गळाला. दुसऱ्या मते ‘क्न’चा आधी ‘त्न’ किंवा ‘ह्न’ झाला आणि मग नुसता ‘न’ उरला. सतराव्या शतकातील व्याकरणकारांच्या नोंदी पाहता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. या गटात गाठ, गोळा, उंचवटा अशा अर्थांचे शब्द पुष्कळ आहेत. त्यावरून ‘क्न’ या ध्वनीलाच तो अर्थ चिकटला असावा, असे काहींनी सुचवले आहे. ‘नी’ हा शब्द मात्र त्यात बसवू नये, कारण त्याचे मूळ स्वतंत्र आहे: संस्कृत ‘जानु’ त्याचाच भाऊबंद. ‘आजानुबाहू’तला जानु तो हाच.

‘नो’ (जाणणे) हे क्रियापद तर संस्कृत ‘ज्ञा’ धातूच्याच घराण्यातले. ‘ग्नॉसिस’ (ज्ञान) हा ग्रीक शब्दही तिथलाच. आरंभीच्या जोडाक्षराचे प्रत्येक भाषेने वेगळे केले. सोलापुरात याचा पुरावा कानाने मिळतो. शहरात मराठीबरोबर कन्नड आणि पूर्वभागात तेलुगू बोलली जाते. ‘ज्ञ’ हे अक्षर मराठी माणूस ‘द्न्य’ असे उच्चारतो, कन्नड-तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडी त्यात ‘ग’ ऐकू येतो आणि हिंदी बातम्यांत तेच ‘ग्य’ होते. लेखन एकच, उच्चार तीन.

सोलापूरच्या यंत्रमागांवर या गटातले शब्द रोजच्या वापरात आहेत. बीम (ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपला की नव्या बीमचे ताणे जुन्या ताण्यांना गाठ मारून जोडतात, त्याला ‘नॉटिंग’ म्हणतात. ‘निट’ हे क्रियापदही गाठ मारण्यावरूनच आले. मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द असल्याने येथे घोटाळा होतो. स्वेटर किंवा बनियनच्या कापडात धाग्याचे फासे एकमेकांत ओवलेले असतात, ते ‘निट’. चादर आणि टॉवेल ताण्या-बाण्याचे, म्हणून ते ‘वीव्ह’. सोलापुरी चादरीला ‘निटेड’ म्हणणे चूकच.

‘डब्ल्यू-आर’ गटातील शब्द बहुधा पीळ किंवा वळण दाखवतात: ‘रिंग’ (पिळणे), ‘रॅप’ (गुंडाळणे), ‘रिस्ट’ (मनगट), ‘रिंकल’ (सुरकुती). ‘राइट’ (लिहिणे) याचा मूळ अर्थ ओरखडणे. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात या शब्दांच्या आरंभी ‘व्ह’ अजून ऐकू येतो. ‘जी-एच’ गटातला ‘नाइट’ म्हणजे रात्र, संस्कृत ‘नक्त’. त्यातला घशातून निघणारा ध्वनी गेला, अक्षरे राहिली. ‘डिलाइट’ (आनंद) या शब्दात ही अक्षरे मुळात नव्हती. ती ‘लाइट’च्या देखादेखी शिरली.

दुसऱ्या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे ‘डेट’ (कर्ज), ‘डाउट’ (शंका) आणि ‘रिसीट’ (पावती). हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा पहिल्या दोहोंत ‘बी’ नव्हता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो घातला. पावतीतला ‘पी’ही तसाच. ‘आयलंड’ (बेट) हा शब्द तर लॅटिनही नाही. त्यातला ‘एस’ निव्वळ गैरसमजाने आला. ‘एम-बी’ गट मिश्र आहे: ‘कोम’ (कंगवा) आणि ‘लॅम’ (कोकरू) यांतला ‘बी’ जुना, ‘थम’ (अंगठा) आणि ‘क्रम’ (कण, चुरा) यांतला उपरा.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे या शब्दांशी गाठ लवकर पडते. अडचण उच्चारापेक्षा शोधण्याची असते: ‘नाइफ’ (सुरी) ऐकलेले मूल शब्दकोशात ‘एन’ची पाने उलटत बसते. श्रुतलेखनात ‘नॉट’ म्हटले तर गाठ की नकार, हे वाक्याशिवाय कळत नाही. मूक अक्षरांचा बचाव करणारे नेमके याच भेदाकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे.

मराठी लिहिली तशी बोलली जाते, हे विधान अर्धवट खरे आहे. ‘करवत’ लिहिताना चार अक्षरे लिहितो, पण शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ बोलत नाही. ‘नांव’, ‘पांच’, ‘कीं’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. इंग्रजीत असा नियम करणारी अधिकृत संस्थाच नाही. ‘शोलापूर’ या जुन्या इंग्रजी लेखनातला ‘एच’ मात्र या नोंदीच्या कक्षेत येत नाही. १८८४च्या गॅझेटिअरच्या काळी तो उच्चारला जाई, मुका नव्हता.

‘अवर’ (तास), ‘ऑनेस्ट’ (प्रामाणिक), ‘एअर’ (वारस) यांतला मूक ‘एच’ फ्रेंचमार्गे आला. ‘सायकॉलॉजी’ (मानसशास्त्र) आणि ‘न्यूमोनिया’ यांच्या आरंभीचा ‘पी’ ग्रीक आहे. ग्रीक भाषेत तो उच्चारला जातो.